पाच सिनेमे, अडीच घटस्फोट

अनामित, तुमची प्रतिक्रिया चांगली लांबलचक होती आणि रागही बराच होता त्यात, म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा म्हटलं वेगळंच लिहू. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्यू आयुष्यावरच्या पाच सिनेमांबद्दल मी मागे लिहिलं होतं, 'यिडल मिटन फिडल', 'डिबुक', 'हेस्टर स्ट्रीट', 'अ सिरियस मॅन' आणि 'गेट'. तुमचं म्हणणं असं की ज्यूंवर लिहायचं आणि 'शिंडलर्स लिस्ट'चं नावसुद्धा काढायचं नाही हा साठ लाख मेलेल्या माणसांचा अपमान आहे, पाचात तीन घटस्फोट आहेत तर ही सिनेमांची यादी आहे का फॅमिली कोर्टाचा बोर्ड, आणि इतकं सोसलेल्या समाजाची घरातली भांडणं अशी चव्हाट्यावर आणून मिळतं काय.

फॅमिली कोर्टाचा बोर्ड हे मला आवडलं, खोटं कशाला सांगू. फक्त हिशोब अडीचाचा आहे, कारण 'सिरियस मॅन'मधला घटस्फोट पूर्ण होतच नाही, बायको ज्याच्यासाठी नवऱ्याला सोडायला निघालेली असते तोच गाडीच्या अपघातात मरतो आणि वर त्याच्या अंत्यविधीचा खर्च नवऱ्याच्याच गळ्यात पडतो.

आता 'शिंडलर्स लिस्ट'. 1993 चा सिनेमा, सात ऑस्कर, आपल्याकडे ज्याने आयुष्यात एकच ज्यू विषयावरचा सिनेमा बघितलाय त्याने हाच बघितलेला असतो. मलाही आवडतो. बेन किंग्जलेचा तो हिशेबनीस श्टर्न तर फारच, टाइपरायटरसमोर बसून नावं टाइप करणारा. (किंग्जलेचं मूळ नाव कृष्णा भानजी, वडील गुजराती वंशाचे, हे माहीत असेलच.) पण त्यात गोष्ट कोणाची आहे ते बघा ना. ऑस्कर शिंडलर हा जर्मन, नाझी पक्षाचा सभासद, पैसे कमवायला पोलंडमधल्या क्राकोला आलेला, आणि तो कसा बदलतो ही ती गोष्ट. ज्यू त्यात वाचवले जातात किंवा मारले जातात, ते आदल्या शुक्रवारी रात्री, शनिवारच्या सुट्टीआधीच्या घरच्या जेवणात, कशावरून भांडले होते हे कळायला त्या सिनेमात जागा नाही, आणि ती असावी अशी माझी मागणीही नाही, त्याचं काम वेगळं आहे. मला लिहायचं होतं त्या जेवणाबद्दल.

आणि साठ लाखांचा मुद्दा काढलातच तर 'यिडल मिटन फिडल'बद्दल मी काय लिहिलं होतं ते तुम्ही घाईत सोडलेलं दिसतंय. 1936 ची यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोलभाषा) म्युझिकल कॉमेडी, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची स्टार मॉली पिकन पोलंडला जाऊन ती करते, गरीब बाप-लेक गावोगाव वाजवत फिरतात, मुलगी मुलाचे कपडे घालून फिडल वाजवते, मग प्रेमात पडते, सगळा मसाला. मधे एक लग्न आहे. तरुण नवरी, म्हातारा श्रीमंत नवरा, पंगत बसलीय, आणि नवरी चक्क वाजंत्रीवाल्यांबरोबर पळून जाते. आता हे शूटिंग झालं कुठे तर वॉर्सा आणि विस्तुला नदीवरचं काझिमिएझ डोल्नी नावाचं छोटं गाव, आणि पडद्यावर जी गर्दी दिसते त्यात गावातलीच ज्यू माणसं आहेत. स्टुडिओतले एक्स्ट्रा नाहीत हो, तिथले राहणारे. दाढ्या, टोप्या, कॅमेऱ्याकडे चोरून बघणारी पोरं. युद्धाआधी त्या गावाची जवळपास निम्मी वस्ती ज्यू होती. 1942 संपेपर्यंत ती संपली. आज तिथे गावाबाहेर फोडलेल्या कबरींच्या दगडांची एक भिंत उभी आहे, मधोमध मोठी चीर ठेवलेली, नाझींनी ते दगड फरसबंदीला वापरले होते ते गोळा करून ही भिंत केली.

म्हणजे ज्या माणसांचा अपमान झाला असं तुम्ही म्हणता ती माणसं माझ्या यादीत पहिल्याच सिनेमात आहेत, जिवंत, लग्नात जेवताना. त्यांच्यावर नंतर काय ओढवलं हे सिनेमाला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, आणि म्हणून त्या गाण्यांवर हसताना घशात काहीतरी अडकतं. पोलंडमध्ये तेव्हा तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू होते, त्यातले तीस लाख मारले गेले, हा आकडा मी दहा वेळा वाचलाय आणि दहाही वेळा तो आकडाच राहिला. त्या पंगतीतली एक म्हातारी मात्र डोक्यातून जात नाही.

'डिबुक'बद्दल तुम्ही 'भुताखेताचा सिनेमा' एवढंच लिहून मोकळे झालात. 1937 साली वॉर्सात काढलेला, अन-स्की यांच्या नाटकावरून. हे अन-स्की 1912 ते 14 मध्ये व्होल्हिनिया आणि पोडोलिया भागात खेडोपाडी फिरून लोकांकडून गोष्टी, गाणी, तोडगे गोळा करत होते, नाटकाला त्याचा वास आहे. दोन मित्र मुलं जन्मायच्या आधीच एकमेकांना सोयरिकीचा शब्द देतात, पुढे एक मित्र मरतो, दुसऱ्याकडे पैसा येतो आणि शब्द विसरला जातो, मेलेल्या मित्राचा मुलगा झुरून मरतो आणि दुसऱ्याच्या मुलीच्या ऐन लग्नात तिच्या अंगात येतो, अशा आत्म्यालाच डिबुक म्हणतात. इथपर्यंत भूत, मान्य. पण नंतर रॅबाय म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्याच्यासमोर खटला उभा राहतो आणि फिर्यादी कोण, तर तो मेलेला मित्र! मेलेल्या माणसाला रीतसर बोलावणं पाठवतात, त्याची बाजू ऐकतात. मेला म्हणून करार मोडत नाही, कोर्टात या. इतकं कायदेशीर भूत मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही बुवा.

तर कोर्ट. तुमच्या टोमण्याचं खरं उत्तर इथे आहे, कारण ज्यूंच्या घरात धर्म, कायदा आणि संसार हे तिन्ही जिथे एकमेकांच्या अंगावर येतात ती जागा म्हणजे घटस्फोट. धर्मशास्त्राप्रमाणे नवऱ्याने स्वखुशीने बायकोच्या हातात घटस्फोटाचं पत्र द्यायचं, त्यालाच गेट म्हणतात. दिलं नाही तर ती अडकली, दुसरं लग्न करता येत नाही. 'हेस्टर स्ट्रीट' (1975) मध्ये हा विधी बघायला मिळतो, 1896 चं न्यूयॉर्क, आधी अमेरिकेत येऊन जेक झालेला यँकल आणि मागाहून आलेली, डोक्यावर विग घालणारी (लग्न झालेल्या बाईने केस झाकायचे म्हणून) त्याची बायको गिटल. ओंजळ पुढे करून ती उभी राहते आणि कागद वरून त्या ओंजळीत टाकला जातो. दोघेही तिथे उभे आहेत पण एकमेकांकडे बघायचं कसं हे कोणालाच कळत नाहीये. विधीनंतर बाईने पुन्हा लग्न करायला साधारण तीन महिने थांबायचं, पुरुषाला तशी अट नाही. कॅरल केनला या कामासाठी ऑस्करचं नामांकन होतं, आणि बराचसा सिनेमा यिडिशमध्ये असल्यामुळे कोणी हात लावेना तर दिग्दर्शिका जोन मिकलिन सिल्व्हर यांच्या नवऱ्याने स्वतःच पैसे उभे करून तो लोकांपर्यंत पोचवला.

आणि 2014 चा 'गेट'. इस्राएलमध्ये आजही ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट धार्मिक कोर्टाच्याच हातात आहे, सिव्हिल लग्न तिथल्या तिथे करता येत नाही. व्हिव्हियन आम्सालेम नावाच्या मोरोक्कन घरातल्या बाईला घटस्फोट हवाय, नवरा मारत नाही, बाहेरख्याली नाही, पैसे देतो, देवधर्म करतो, फक्त तो गेट देत नाही. पाच वर्षं! पूर्ण सिनेमा कोर्टाची खोली आणि बाहेरच्या बाकांवर, रस्ता एकदाही नाही. सुरुवातीला वकील, न्यायाधीश, नवरा सगळे तिच्याविषयी बोलतायत आणि ती आपल्याला दिसतच नाही, कारण कॅमेरा नेहमी कोणाच्या तरी नजरेतून बघतो आणि त्या खोलीत तिच्याकडे कोणी बघत नसतं. मग एकदा बसल्या बसल्या ती केस सोडते, बोटांनी जरा मोकळे करते, बास, त्यावर न्यायाधीश तिच्यावर खेकसतो. मी तो सीन मागे जाऊन परत बघितला. बाईने कंटाळून केस सोडले यात कोर्टाचा अवमान झाला. तुम्ही याला सासू-सुनेची सिरियल म्हणालात, अहो सिरियलमध्ये निदान पार्श्वसंगीत तरी सांगतं वाईट कोण ते, इथे नवरासुद्धा केविलवाणा वाटतो, सिमोन आबकारियनने तो असा केलाय की त्याची चीडही येते आणि त्याच्यासाठी वाईटही वाटतं.

चव्हाट्याचं म्हणाल तर चव्हाटा त्यांचाच आहे. रोनित एल्काबेत्झ आणि भाऊ श्लोमी यांनी मिळून हा काढला, रोनित स्वतःच व्हिव्हियन झाली, आधी याच कुटुंबावर दोन सिनेमे केले होते. इस्राएलच्या फिल्म अकादमीने 'गेट'ला ओफिर पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरवलं आणि ऑस्करला देशाची एंट्री म्हणून पाठवलं. ज्यांच्या घरातलं भांडण आहे त्यांनीच ते जगाला दाखवायला पाठवलं आणि आपण इथे बसून त्यांची अब्रू झाकायची? सोसलेल्या समाजाने कायम शहाण्यासारखं, दुःखी चेहऱ्याने फोटोला उभं राहावं ही अपेक्षा मला जरा जाचकच वाटते.

आता जे मूळ लेखात नव्हतं ते सांगतो, कारण तुम्ही शेवटी 'मराठी माणसाला या घटस्फोटांशी काय देणंघेणं' असंही विचारलंय. देणंघेणं आहे, चांगलंच आहे. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्रायल, शनिवारी, ज्यूंच्या सुट्टीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली, इस्राएल झाल्यावर मोठ्या संख्येने तिकडे गेले. आणि तिथल्या रॅबाय मंडळींनी शंका काढली ती नेमकी हीच. एवढी शतकं हे लोक बाकी ज्यूंपासून लांब राहिले, मग यांच्यात घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते कशावरून? आणि नसतील तर त्या बायकांनी केलेली दुसरी लग्नं, त्यांची मुलं, नातवंडं, सगळंच संशयात. 1962 मध्ये सूचना निघाल्या की बेने इस्रायल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल तर त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. विचार करा, अलिबाग-पेणकडच्या पणजीची लग्नं तपासायची आणि तीही जेरुसलेमात बसून! 1964 ला आपल्या या लोकांनी जेरुसलेमात आंदोलन केलं, मोर्चे, धरणं, आणि शेवटी त्याच वर्षी क्नेसेटला, म्हणजे त्यांच्या संसदेला, बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं सांगावं लागलं, रॅबायपीठालाही सूचनांची भाषा बदलावी लागली. व्हिव्हियन ज्या व्यवस्थेसमोर बसलीय त्याच व्यवस्थेसमोर घरी मराठी बोलणारी माणसं तिच्या पन्नास वर्षं आधी उभी होती.

यावर उद्या कोणी सिनेमा काढला तर त्यात एकही नाझी येणार नाही, छळछावणी येणार नाही. कोकणात ज्यू म्हणून त्यांना कोणी मारलं नाही, ही तर त्यांनी स्वतःच अभिमानाने सांगितलेली गोष्ट. तुमच्या कसोटीने तो ज्यू सिनेमा धरायचा का नाही, हे मला खरंच विचारायचंय, कारण मला वाटतं तुम्ही अलिबागजवळच्या नवगावचे बेने इस्रायल ज्यू आहेत हे मान्य कराल आणि मग तुमची कसोटीच अडचणीत येईल.

राहिला यातलं मुलांबरोबर काय बघू हा तुमचा प्रश्न. 'यिडल' बघा, काळापांढरा आहे, प्रिंट मधे मधे खराब आहे, सबटायटल्स वाचावी लागतील, पण गाण्यांना मुलं बसतात. त्यातली मॉली पिकन पुढे 1971 च्या 'फिडलर ऑन द रूफ'मध्ये लग्नं जुळवणारी म्हातारी येंटे झाली, तोही पाठोपाठ लावला तर मुलांना ती ओळखू येते का बघा. 'सिरियस मॅन' कॉलेजातली असतील तरच, त्यात मुलगा बार मित्झ्वाच्या, म्हणजे तेराव्या वर्षी होणाऱ्या मुंजीसारख्या विधीच्या, दिवशी गांजा ओढून तोरा (धर्मग्रंथ) वाचायला उभा राहतो आणि नंतर तुम्ही मलाच शिव्या द्याल. 'गेट' मुलं झोपल्यावर बघा, दोघं मिळून. भांडण झालं तर कळवा.