आधी समेट, मग अर्पण

मराठवाड्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत दाराच्या चौकटीवर किंवा बैठकीच्या भिंतीवर बायबलमधले एखादे वचन लावलेले असते. कुठे ते यहोशवाचे असते, की मी आणि माझे घराणे परमेश्वराचीच सेवा करणार; कुठे तेविसावे स्तोत्र असते; आणि अलीकडे यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन फार दिसू लागले आहे, ज्यात देव आपल्या लोकांविषयीचे आपले संकल्प हिताचे आहेत असे सांगतो. एकतीस डिसेंबरच्या रात्री उपासना संपल्यावर वर्षाचे वचन म्हणून जी कार्डे हाती पडतात, त्यांवरही बहुतेक वेळा अशीच धीर देणारी वाक्ये असतात. पाऊस लांबला, पीक हातचे गेले, घरात आजारपण आले, तर माणसाला धीर लागतोच, आणि तो वचनातून मिळतो हे मी माझ्या घरात पाहिले आहे. तरीही माझे मत असे झाले आहे की, ख्रिस्ती माणसाने आयुष्याचे ब्रीद म्हणून जे वाक्य निवडायचे, ते त्याला काही देणारे असण्यापेक्षा त्याच्याकडून काही मागणारे असावे, आणि ती मागणी त्याच्या जवळच्या माणसांच्या संदर्भात असावी.

यिर्मयाचे ते वचन एका पत्रातले आहे. बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना संदेष्ट्याने यरुशलेमेहून ते लिहिले. त्याच पत्रात, त्या आवडत्या वचनाच्या एक ओळ आधी, या सुटकेला सत्तर वर्षे लागतील असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती आपल्या डोळ्यांनी दिसणार नव्हती. आणि सातव्या वचनात त्यांना आज्ञा आहे की, ज्या नगरात तुम्हांला बंदिवान करून नेले आहे, त्याच नगराचे हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. परक्या, जिंकणाऱ्या शेजाऱ्यांसाठी प्रार्थना करा! अकरावे वचन भिंतीवर येते आणि सातवे येत नाही, याला कार्ड छापणारे जबाबदार नाहीत. निवड आपण करतो.

माझ्यापुरते मी जे ब्रीद धरले आहे ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातले तेविसावे आणि चोविसावे वचन आहे. त्याचा मथितार्थ मी चार शब्दांत मनाशी म्हणतो: आधी समेट, मग अर्पण. प्रभू येशू म्हणतो की, तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांवरून आपण घाईने पुढे जातो. पहिली अशी की, माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तिथे म्हटलेले नाही. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध असेल तर, असे म्हटले आहे. माझे मन स्वच्छ आहे, मी कोणाचे वाईट चिंतत नाही, हे उत्तर इथे अपुरे ठरते, कारण प्रश्न त्याच्या मनाचा आहे आणि पाऊल मला उचलायचे आहे. दुसरी गोष्ट अंतराची. हे ऐकणारे पुष्कळ लोक गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत होती, शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. बीडहून छत्रपती संभाजीनगरला पायी जावे, दारापाशी पोहोचल्यावर भाऊ आठवावा आणि तसेच परत फिरावे, इतकी ही आज्ञा अडचणीची आहे. ऐकणाऱ्यांना ती अडचण नक्की कळली असणार.

हे वचन जगताना मी पाहिले ते आमच्या आजीला. तिला वाचता येत नव्हते. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावी महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, होई, आणि त्याच्या आदल्या शनिवारी, दिवेलागण झाली की, आजी पदराखाली काही तरी घेऊन, कधी चार भाकरी, कधी वाटीभर शेंगदाण्याचा कूट, आपल्या थोरल्या जावेच्या घरी जायची. उंबऱ्यावर बसून ती एकच वाक्य बोलायची: "जाऊबाई, माह्याबद्दल काही मनात आसंल तर सांगून टाका." जाऊबाईही काही कमी स्पष्ट नव्हत्या. एकदा त्यांनी १९७२ च्या दुष्काळातली पाण्याची पाळी काढली. टँकरपाशी आजीने त्यांची घागर बाजूला सारली होती, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्या गोष्टीला कित्येक वर्षे उलटून गेलेली होती. आजीने घागर सारली होती की नव्हती हा वाद घातला नाही. ती म्हणाली, "तुम्ही तवा तहानल्या राहिल्या आसाल, माफ करा." मग दोघी चहा प्यायल्या आणि दुसऱ्या दिवशी एकाच बाकावर बसल्या. क्षमेविषयीची कितीतरी प्रवचने मी पुढे ऐकली, परंतु एवढी नेमकी शिकवण मला दुसऱ्या कोणाकडून मिळाली नाही.

याच्या उलट चित्रही आपल्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चमधल्या समुदायांत, दिसते आणि ते लिहिणे मला आवश्यक वाटते. सुगीनंतर आपल्याकडे पिकाच्या अर्पणाची उपासना होते. वेदीपुढे ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली एखादी कोंबडी, असे सगळे मांडले जाते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. हा सण मला मनापासून प्रिय आहे. ज्याच्याकडे शेत नाही तोही त्या दिवशी एखादे लिंबू घेऊन येतो आणि त्या लिंबालाही मोठ्या आवाजात बोली लागते. अशाच एका लिलावात बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेले दोन सख्खे भाऊ एका भोपळ्यासाठी एकमेकांवर बोली चढवीत राहिले, केवळ दुसऱ्याला तो मिळू नये म्हणून. रक्कम हजारांत गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पंचांनी जमा रकमेबद्दल आभार मानले. वेदी समोर होती, अर्पण तिथेच होते, भाऊही तिथेच होता, आणि तरीही त्या भरल्या देवळात कोणी उठून म्हणाले नाही की आधी हे मिटवा. मला याचे आजही दुःख होते.

मत्तयाच्याच अठराव्या अध्यायातले पंधरावे वचन या ब्रीदाला जोडून येते. भावाने तुझा अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याला त्याची चूक दाखव. आधी एकांत, मग एकदोन साक्षीदार, मग मंडळी, असा क्रम प्रभूने घालून दिला आहे. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा झाला आहे. एखाद्या घरातली गोष्ट आधी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थनेचा विषय म्हणून येते, मग महिला मंडळात तिच्यावर चर्चा होते आणि ज्याची गोष्ट आहे त्याला ती सर्वांत शेवटी कळते. अमुक कुटुंबासाठी प्रार्थना करा, सुनेचे आणि सासूचे बरे नाही, असे लिहिणाऱ्याचा हेतू पुष्कळदा चांगलाही असतो. परंतु ज्या माणसाशी मी स्वतः बोललो नाही, त्याच्याविषयी मी इतरांपुढे प्रार्थनेतही बोलणार नाही, हा नियम मी स्वतःसाठी केला आहे आणि तो पाळताना किती वेळा जीभ चावावी लागते हे पाहून त्याची गरजही पटली आहे.

आपल्या भागात नात्यांचा प्रश्न केवळ मंडळीच्या आतला नाही. एकाच भावकीत एक घर ख्रिस्ती, एक घर १९५६ नंतर बौद्ध झालेले आणि एक घर हिंदू, असे मराठवाड्यातल्या अनेक गावांत आहे. श्रद्धेने घर दुभंगण्याचा इतिहासही आपल्याला नवा नाही. मुंबईत १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले, न्यायालयाने त्या मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले आणि पुढे त्याला पुन्हा ज्ञातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. याच नारायण शेषाद्रींनी नंतर जालन्याला आपले कार्य मांडले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले. बेथेलचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, तेव्हा त्याच्या मागे दोन भावांची ती ताटातूटही उभी आहे, हे विसरू नये असे मला वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची ताटातूट झाली. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर, बाप्तिस्मा घेतला. त्या दोघांनी एकमेकांना दिलेला हा अवकाश मला फार मोलाचा वाटतो.

या बाबतीत माझे ब्रीद वडिलांकडून आले आहे आणि ते अगदी साधे आहे: निरोप आला की जायचे. भावकीत मयत झाली, लग्न ठरले, बारसे असले, तर कोणत्या धर्माच्या पद्धतीने आहे हे न विचारता जायचे, शेवटपर्यंत थांबायचे, जमेल ते काम अंगावर घ्यायचे. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, रडणाऱ्यांबरोबर रडा, असे प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो, तेव्हा रडणारा विश्वासणारा असावा अशी अट तो घालत नाही. काही बंधूंना हे पटत नाही, तडजोडीची भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. मयतीच्या घरी लाकडे वाहून नेल्याने माझा विश्वास पातळ होतो असे मात्र मला कधीच वाटले नाही.

आता जिथे या सगळ्याला मर्यादा आहे तिथे थोडे थांबले पाहिजे, कारण समेटाचे ब्रीद चुकीच्या माणसाच्या हाती शस्त्र होते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या मुलीला, सातदा नव्हे तर सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितली आहे, असे म्हणून परत पाठवणारे लोक आपल्यात आहेत, आणि ते लोक स्वतःला फार धार्मिक समजतात. कायद्यानेही आपल्या बहिणींवर दीर्घकाळ अन्याय केला. १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती पुरुषाला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, तर स्त्रीला पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने दूर झाली. कायदा बदलला, परंतु वचन तिच्या तोंडावर मारण्याची सवय अजून गेलेली नाही. मत्तयातली आज्ञा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला उद्देशून आहे. म्हणजे उठून जायचे आहे ते मारणाऱ्याने, पश्चात्ताप करायचा आहे तो त्याने, आणि त्याने तो आयुष्यात दाखवून देईपर्यंत मुलीने सुरक्षित ठिकाणी राहणे हा कोणत्याही वचनाचा भंग नाही. पौलानेसुद्धा, शक्य असल्यास, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा, असेच लिहिले आहे. त्या 'होईल तितके'मध्ये किती स्त्रियांचा जीव सुटका शोधतो आहे, हे आपल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, व्यासपीठावरून एकदा तरी उघडपणे सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या मंडळीच्या पंच कमिटीला मी दोन गोष्टींची लेखी विनंती केली आहे. येत्या एकतीस डिसेंबरच्या कार्डांवर पुढे जे वचन यायचे ते येऊ द्यावे, मागच्या कोऱ्या बाजूवर मात्र मत्तय ५:२३-२४ छापावे आणि खाली एका नावापुरती रिकामी ओळ सोडावी, जी ज्याने त्याने घरी जाऊन स्वतःच भरावी. दुसरी गोष्ट, पिकाच्या अर्पणाच्या आधीच्या रविवारी उपदेश झाल्यावर, ज्यांची भांडणे आहेत त्यांनी त्या आठवड्यात एकमेकांकडे जावे, अशी घोषणा पाळकांनी करावी आणि मध्यस्थ हवा असेल तर वडीलधाऱ्या दोन माणसांची नावेही तिथेच सांगावीत. आपल्या मंडळीत कोणाला हे मांडायचे असेल, तर विनंतीपत्राचा मसुदा मी आनंदाने पाठवीन.