आपडी थापडी, आपाथू आपाथू

सकाळपासून डोकं तापलंय, लिहून मोकळी होते.

लोकलमध्ये लेडीज डब्यात दोन कॉलेजच्या मुली एकेक इअरफोन कानात घालून मान डोलावत उभ्या होत्या. शेजारच्या बाईंनी त्यांच्या मोबाईलमध्ये डोकावून विचारलं, "काय गं, ते कोरियन का? कळतं का तरी काही?" त्यावर ती मुलगी पटकन म्हणाली, "नाही हो काकू, हे पूर्ण इंग्लिशमध्ये आहे." बाईंचा चेहरा निवळला. "हां, मग ठीक आहे."

मग ठीक आहे म्हणजे काय? कोरियन असतं तर ठीक नसतं? आणि त्या मुलीला तरी ते असं हात झटकून सांगावंसं का वाटलं? गाणं होतं कोरियन गायिका जेनी आणि इंग्लंडची दुआ लिपा यांचं 'हँडलबार्स'. 2025 च्या मार्चमध्ये आलेल्या 'रुबी' अल्बममधलं. मी ऐकलंय. गोड आहे, दोघींचे आवाज छान मिसळलेत. पण खरंच त्यात कोरियन नाही. ते गाणं जगातल्या कुठल्याही दोन पोरींनी कुठल्याही स्टुडिओत गायलं असतं तरी चाललं असतं, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे चिपळूणला माहेरी जमलो होतो. संध्याकाळी लाईट गेली. आई ओटीवर फणस घेऊन बसली होती, चीक लागू नये म्हणून दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोपडलेलं. पोरांचे मोबाईल उतरलेले, सगळी कंटाळलेली. तेव्हा माझी लेक म्हणाली, आजी, मी तुला एक कोरियन खेळ शिकवते. सगळ्यांनी गोल बसायचं, हातांवर हात रचायचे, 'आपाथू, आपाथू' असं ठेक्यात म्हणायचं. मग एकाने आकडा सांगायचा, समजा सतरा. सगळ्यात खालचा हात काढून वर ठेवायचा, एक मजला. परत खालचा वर, दुसरा मजला. सतराव्या मजल्यावर ज्याचा हात येईल तो हरला. आपाथू म्हणजे कोरियन लोकांनी आपल्या जिभेवर वळवून घेतलेलं अपार्टमेंट.

आईने तिचे तेलकट हात सगळ्यांच्या खाली ठेवले, दोन वेळा आपाथू आपाथू म्हणून बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली आपडी थापडी!"

हा खेळ लेकीने उचलला होता एका गाण्यातून. जेनीच्याच ब्लॅकपिंक ग्रुपमधली रोझे आणि ब्रूनो मार्स यांचं ते 'एपीटी' गाणं 18 ऑक्टोबर 2024 ला आलं. तेव्हापासून मी ते शेकडो वेळा ऐकलं असेल, पण मला ते खरं कळलं त्या ओटीवर. रोझे कोरियन घरातली, पण जन्मली न्यूझीलंडमध्ये, वाढली ऑस्ट्रेलियात, गाणं शिकायला सोलला गेली ती पुढे, किशोरवयात. तिला इंग्रजीत लपून जायला कोणी अडवलं नव्हतं. ती इंग्रजी बोलते अशी की ऑस्ट्रेलियातलीच वाटावी. आणि एवढ्या मोठ्या अमेरिकन गायकाला हाताशी घेऊन तिने काय केलं? मित्रमैत्रिणींमध्ये बसून खेळायचा आपल्या देशातला साधा खेळ त्याच्यासमोर मांडला. गाण्याच्या सुरुवातीला ती स्वतःला चेयंग म्हणवते, घरच्या कोरियन नावाने. आणि तो माणूस आला, बसला, आपाथू म्हणाला, पेला उंचावताना कोरियन लोक म्हणतात ते 'गॉनबे' म्हणाला, व्हिडिओत कोरियाचा झेंडा फडकवला. पाहुणा घरी येऊन मांडी घालून पंगतीला बसावा तसा.

हो, कडवी बरीचशी इंग्रजीच आहेत. मान्य. आणि तो खेळ दारूच्या बैठकीतला आहे, तेही मान्य. आमच्या ओटीवर हरणाऱ्याला बिनसाखरेचं कोकम प्यावं लागत होतं.

पण परिणाम बघा ना. कोरियात त्या वर्षी बारावीची मुलं एकमेकांना सांगत होती की परीक्षेपर्यंत हे गाणं ऐकू नका, पेपर लिहिताना डोक्यात वाजत राहील. युन सू इल या जुन्या गायकाचं त्याच 'आपाथू' नावाचं 1982 चं गाणं लोकांनी शोधून काढून पुन्हा वाजवलं. एका पोरीने घरचा शब्द बाहेर नेला तर घरातल्या म्हाताऱ्यांचीही गाणी जागी झाली! आणि अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, बिलबोर्डच्या यादीत, ते तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. मग सांगा, कोरियन शब्द असले तर चालत नाही हे कोणी ठरवलं?

पण गाणी काढणाऱ्या कंपन्यांनी ठरवलंय. बाहेरचा पाहुणा आला की इंग्रजी. बीटीएस या कोरियन ग्रुपमधल्या जंगकूकचं अमेरिकन रॅपर लाटोबरोबरचं 'सेव्हन', 2023. इंग्रजी. त्याच ग्रुपमधल्या जेहोपचं अमेरिकन गायक मिगेलबरोबरचं 'स्वीट ड्रीम्स', 2025. इंग्रजी. ब्लॅकपिंकच्याच लिसाचं डोजा कॅट आणि रे या परदेशी गायिकांबरोबरचं 'बॉर्न अगेन', तेही इंग्रजी. लिसा मुळात थायलंडची, कोरियन ही तिची भाषा नाही, म्हणून तिला वेगळं धरा. ठीक. पण तिच्याच 'न्यू वुमन' मध्ये स्पेनची रोसालिया आली तेव्हा ती बिनधास्त स्पॅनिशमध्ये गायली. तिला कोणी सांगितलं नाही, बाई, जगाला कळेल असं गा. जॅक्सन वांगच्या 'बक' मध्ये आपला दिलजीत गेला तो पंजाबी घेऊन गेला. जॅक्सन हाँगकाँगचा, कोरियन ग्रुपमधून वर आलेला, आणि त्याच्या गाण्यात ठसक्यात पंजाबी! मग पाहुण्यांना जे जमतं ते यजमानांना का नको? आपल्याच घरात आपण दबक्या आवाजात का बोलायचं?

तुम्ही म्हणाल, हिला काय पडलंय कोरियन भाषेचं. मला पडलंय. हे मी आपल्याकडे रोज बघते. मराठी मुलगा गाणं करतो, नावाजलेल्या हिंदी गायकाला बोलावतो, आणि गाण्यात मराठी उरते ती ढोलाच्या आधीच्या आरोळीपुरती. बाकी सगळं 'सगळ्यांना कळेल असं'. मे महिन्यात ओटीवर आमच्या घरातल्या सहा पोरांपैकी चौघांना आपडी थापडी येत नव्हती. चौघांना! ती त्यांना सोलवरून फिरून शिकावी लागली. आईला त्याचं काही वाटलं नाही, ती हसत होती. मला वाटलं. मी आत जाऊन मेणबत्ती शोधत बसले.

'डायनामाइट' बद्दल मात्र मी वाकडं बोलणार नाही. ते अख्खं इंग्रजी आहे, बीटीएसचं तसं पहिलंच. पण 2020 चा ऑगस्ट होता, माझी लेक सहावीत, घरात कोंडलेली, बापाची नोकरी टांगणीला. ती हॉलमध्ये टीव्हीसमोर त्या गाण्यावर नाचायची आणि आम्ही दोघं सोफ्यावर बसून नुसतं बघायचो. त्या तीन मिनिटांत घर घरासारखं वाटायचं. त्या सात पोरांचे उपकार मी विसरणार नाही. आणि त्यांनीच तीन महिन्यांनी 'लाइफ गोज ऑन' काढलं, बहुतेक कोरियन भाषेत, आणि ते थेट बिलबोर्डच्या पहिल्या नंबरवर आलं. म्हणजे इंग्रजीने दार उघडलं असेल, पण उघडलेल्या दारातून त्यांनी आपली भाषा आत नेली. हे इतरांनी का करू नये? जेनीनेच त्या 'रुबी'त 'लाइक जेनी' मध्ये कोरियन रॅप काय तडाखेबंद केलंय! ज्यांना हे जमतं त्यांनी पाहुणा आला की गप्प बसावं, याचा राग येतो मला. परक्यांचा नाही येत, आपल्या माणसांचा येतो तसा राग.

आता बीटीएसच्या हाइब कंपनीने 2025 मध्ये मुंबईत ऑफिस थाटलंय. आपल्याकडची पोरं निवडतील, शिकवतील, स्टेजवर आणतील. आणू देत. माझ्या लेकीच्या वर्गातल्या निम्म्या मुली आत्तापासून तयारीत आहेत. फक्त त्यातली एखादी नागपूरची, साताऱ्याची, मालवणची पोरगी उभी राहील तेव्हा तिच्या तोंडात तिचा एखादा घरचा शब्द राहू द्या एवढंच. तिला कोणी म्हणू नये की हे जगाला कळणार नाही. आपाथू कोणाला कळत होतं?

लोकलमधल्या त्या मुलीला मी काही बोलले नाही. घाटकोपर आलं, त्या दोघी उतरल्या. बोलायला हवं होतं. निदान एवढं तरी, की बाळा, कोरियन असतं तरी चाललं असतं.

मघाशी आईला फोन केला. हे सगळं सांगितलं तर तिने मधेच तोडून विचारलं, "ती थापडीवाली पोरगी काय म्हणते? नवीन काही गायली का?" आईला रोझेचं नाव लक्षात नाही, पण खेळ पक्का लक्षात आहे. यंदा फणसाला म्हणे खालपासून लागलेत.

बरं, आता एक सांगा. 'गुळाची पापडी' च्या पुढे तुमच्याकडे काय म्हणतात? आमच्याकडे 'धम्मक लाडू'. सासूबाईंचं त्यापुढचं सगळं वेगळंच आहे. तुमच्या आईला, आजीला विचारून कमेंटमध्ये लिहा, जसं म्हणतात तसंच लिहा. मला लेकीला या मे महिन्याच्या आत पूर्ण शिकवायचंय.