शेवटचा प्रवासी चढल्याशिवाय डबल बेल नाही

मागच्या मंगळवारी रात्री आमच्या रनिंग ग्रुपवर एक मेसेज पडला. "माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांचा खोळंबा होतो. कोणी बोलून दाखवत नाही, पण मला कळतं. ग्रुप सोडतेय. खूप शिकायला मिळालं, मनापासून आभार." आणि लगेच खाली ती बारीक अक्षरातली ओळ, अमुक नंबर ग्रुपमधून बाहेर पडला म्हणून.

चार महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा ठाण्याच्या उपवन तलावावर आली तेव्हा विजेचे दोन खांब पळायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. आता न थांबता तीन किलोमीटर पळते. मी त्या रात्री तिला फोन लावला नाही. जे सांगायचं होतं ते फोनवर धड सांगता आलं नसतं, "असं काही नाही गं, ये तू" एवढंच तोंडातून निघालं असतं. म्हणून इथे लिहितेय. तिचं नाव घेणार नाही, तिला कळेल. आणि असे मेसेज मनातल्या मनात टाइप करून खोडणारे बाकीचेही वाचतील.

मी लोकमान्य नगरला राहते, वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्स बघते, वय ४६. २०१८ पासून पळतेय. त्याआधी दोनदा एकटीने सुरुवात करून सोडलं होतं. नवीन शूज, गजर पहाटे पाचचा, पहिले आठ-दहा दिवस अंगात वारं भरल्यासारखं. मग एके दिवशी पाणी लवकर गेलं, एके दिवशी मुलाची परीक्षा, एके दिवशी नुसताच कंटाळा, आणि संपलं. तेव्हा वाटायचं की माझ्यातच जिद्द नाही. इतकी वर्षं मी हेच धरून बसले होते.

आता मला ते साफ चूक वाटतं. जिद्द ही काही प्रत्येकाच्या घरी डब्यात भरून ठेवलेली नसते. ती भिशीसारखी असते. दर महिन्याला सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याची अडचण असेल त्याने उचलायचं. एकटीने भिशी लावता येत नाही. माझी उमेद ज्या दिवशी शून्य असते त्या दिवशी दुसऱ्या कोणाची तरी शिल्लक असते, आणि त्याच्या जोरावर मी घराबाहेर पडते. पुढच्या आठवड्यात माझी पाळी. त्यामुळे आज जी फक्त उचलतेय तिने लाज वाटून घ्यायचं काही कारणच नाही. तिचा नंबर लवकर लागला, इतकंच.

बाईसाठी तर यात आणखी एक गोष्ट असते, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. पहाटे पाचला पोखरण रोडवर एकटीने पळायला मला भीती वाटायची. कुत्री, अंधार, बाजूने हळू होणारी एखादी गाडी. घरचे "नको जाऊस" म्हणायचे, आणि ते चुकीचं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. पण कोपऱ्यावर दोघीजणी उभ्या राहून माझी वाट बघतायत हे कळल्यावर घरचा तो प्रश्नच मिटला. इतरांना ग्रुपमुळे हुरूप येतो. आम्हाला आधी रस्ता मिळतो, हुरूप मागाहून.

आमच्या ग्रुपमध्ये एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, कंडक्टर होते. रविवारी सव्वापाचला उपवनच्या कट्ट्याजवळ सगळे जमले की ते आधी डोकी मोजतात. मोजणी झाली की म्हणतात, "डबल बेल!" मग निघायचं. आधी तलावाभोवती सपाटीवर फेऱ्या, आणि उजाडल्यावर ज्यांना जायचं ते चेकनाक्यावरून येऊरचा चढ घेतात. येऊर म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, बिबट्याचं घर, म्हणून अंधारात वर जायचं नाही हा आमचा नियम. परत आल्यावर काका पुन्हा डोकी मोजतात. शेवटचा माणूस दिसेपर्यंत कोणी गाडीला किल्ली लावत नाही. दर रविवारी एकाकडे 'शेपूट' असते. शेपूट म्हणजे त्या दिवशी सगळ्यात मागे राहायचं, सगळ्यात मागच्याबरोबर. सुरुवातीला दर रविवारी काकाच मागे राहायचे. मग आम्ही पाळ्या लावल्या, कारण त्यांनाही कधीतरी जोरात पळावंसं वाटतं.

हे सांगते कारण मी आधी वेगळ्या ग्रुपमध्ये होते आणि तिथला अनुभव अजून दुखतो. तिथे पहिला प्रश्न "पेस किती?", म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं, आणि रोज संध्याकाळी स्क्रीनशॉटची रांग. एका लाँग रनला मी परत आले तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. माझी पिशवी वॉचमनकडे ठेवून सगळे नाश्त्याला गेले होते. कोणी वाईट वागलं असं नाही, फक्त कोणाच्या लक्षात आलं नाही. मी दोन महिन्यांत सोडलं आणि पुन्हा तेच मनात घेतलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. त्या दिवशी एक माणूस जरी थांबला असता तरी माझी मधली दोन वर्षं वाया गेली नसती. एवढ्याशा गोष्टीवर कोणाचं पळणं टिकतं किंवा तुटतं, हे मी स्वतः भोगलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. जुलै २०२२. येऊरहून उतरताना रस्त्याच्या कडेला शेवाळावर पाय गेला आणि घोटा मुरगळला. लिगामेंट दुखावलं, सहा आठवडे पळणं बंद. पहिले दोन आठवडे ग्रुपवर खूप चौकशी. मग साहजिकच कमी झाली. मी हळूहळू मेसेज उघडेनाशी झाले. त्यांच्या फोटोंत पाऊस, हिरवा डोंगर, आणि मी घरात पाय उशीवर ठेवून. सहा आठवडे झाले तरी गेले नाही. सगळी ताकद गेली असेल, सगळ्यांत मागे पडेन, आपल्यासाठी थांबतील. अगदी तुझा मेसेज, शब्द तेवढे माझे.

ग्रुपमध्ये एक नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांनी फोन केला. "कधी येणार?" असं विचारलंच नाही. म्हणाल्या, "रविवारी आमच्या चाव्या आणि मोबाईल सांभाळायला कोणी नाही. पळू नकोस. नुसती येऊन बस."

मी गेले. कट्ट्यावर बसले. मांडीवर अकरा जणांच्या चाव्या, बाजूला पाण्याच्या बाटल्या, खजुराचा डबा, मीठ-साखरेचं पाणी. दर फेरीला माणसं समोरून जायची आणि जाताना काहीतरी बोलायची. "काय म्हणतोय घोटा?" "तिसरी हां, मोज नीट!" "माझा फोन वाजला का?" दीड तास मी पळणाऱ्यांच्या फेऱ्या मोजत होते. घरी येताना लक्षात आलं की दोन महिन्यांत पहिल्यांदा मला रविवार आल्यासारखा वाटला होता.

चार रविवार मी चाव्या सांभाळल्या. त्या काळात सिस्टरने मला एक व्यायाम लावला, दात घासताना दुखऱ्या पायावर एकटं उभं राहायचं. लिगामेंट दुखावलं की घोट्याची तोल सावरायची जाण मंदावते, आणि ती परत आणली नाही तर तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो, असं त्यांनी समजावलं. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत मी बेसिन धरलं. पाचव्या रविवारी काकांनी मोजणीत माझं डोकं धरलं आणि मी एक फेरी पळले. एकच. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत, आणि बरं झालं. सिस्टर फक्त म्हणाल्या, "पुढच्या वेळी चाव्या दुसऱ्या कोणाकडे दे."

पळत नसताना ज्याला ग्रुपमध्ये जागा असते, तो पळायला परत येतो. चेष्टामस्करी, नाश्ता, मेडलचे फोटो हे सगळं छान आहे, मलाही आवडतं. पण दुखापतीत, बाळंतपणात, घरच्या आजारपणात माणूस तुटतो तेव्हा त्याला काहीतरी काम देऊन बोलावणारं कोणी हवं असतं. सहानुभूतीने तो येत नाही. कामाने येतो.

तुझ्या मेसेजमधल्या 'खोळंबा' या शब्दावर मला जरा थांबायचंय. तुझ्याबरोबर हळू पळणाऱ्याचं नुकसान होतं असं तुला वाटतं. अगं, उलट आहे. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचं सुद्धा आठवड्यातलं बहुतेक पळणं सावकाशच असायला हवं, इतकं की पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम टिकवायची ताकद त्यातूनच वाढते. रोज जीव तोडून पळणाऱ्याची फक्त दमणूक साठते, आणि मग नडगी नाहीतर टाच धरते. आमच्यातले वेगवान लोक एकटे सोडले की सावकाश पळतच नाहीत, घड्याळ बघून उधळतात. तुझ्या शेजारी गप्पा मारत पळताना त्यांचं पळणं खऱ्या अर्थाने होतं.

आणि तू वेगाच्या ज्या आकड्यांवरून स्वतःला मोजलंस ते मे महिन्याचे आकडे होते. फेब्रुवारीत जमायचं ते मेमध्ये का जमत नाही म्हणून मीही एकदा रडकुंडीला आले होते. अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे. आपल्याकडे हवेत एवढा दमटपणा की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. मग शरीर गार ठेवायला हृदय कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, ठोके वाढतात, आणि त्याच वेगाला दुप्पट धाप लागते. हे मला कोणीतरी बरोबर पळता पळता सांगितलं म्हणून मी टिकले. एकटी असते तर वेग कमी झाला म्हणजे मीच कमी पडले असं धरून घरी बसले असते.

कोणाचा आधार लागतो म्हणजे आपण कच्चे, असंही मनात येत असेल. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात एलिउड किपचोगे ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला. त्याच्यासाठी ४१ पेसर, म्हणजे वेग धरून देणारे धावपटू, आलटून पालटून पळत होते, पुढे वारा अडवत, मागे साथ देत. असे बदलते पेसर घेतल्यामुळे तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही, ते ठीकच आहे. पण त्या ४१ जणांतले कित्येक स्वतः जगातले नावाजलेले धावपटू होते, आणि त्या दिवशी ते दुसऱ्यासाठी पळाले. शेवटच्या टप्प्यात ते मागे सरले आणि त्याला पुढे जाऊ दिलं. आधी तोच एकटा पोहोचला, मग सगळे आनंदाने उड्या मारत त्याच्या मागे. तो व्हिडिओ मी कितीदा बघितलाय, दरवेळी त्या मागच्या माणसांचे चेहरे बघते.

दुसऱ्या टोकालाही हेच आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या शहरांमध्ये जवळपास ९० किलोमीटरची कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एका सैनिकाने आपल्या गेलेल्या साथीदारांच्या आठवणीसाठी १९२१ मध्ये ती सुरू केली. बारा तासांत पोहोचावं लागतं. तिथे मागे राहणारे लोक एका अनुभवी धावपटूभोवती घोळक्याने पळतात, आणि त्या घोळक्याला ते 'बस' म्हणतात. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दोनदा विचारलं, "खरंच बस म्हणतात?"

जानेवारी २०२४ मध्ये मी मुंबईची हाफ मॅरेथॉन पळाले. माहीमहून सुरुवात, अंधारात सी लिंक, खाली काळं पाणी आणि वर हजारो पावलांचा एकच आवाज. पेडर रोडच्या चढावर मात्र माझे पाय संपले. सिस्टर माझ्यापेक्षा बऱ्याच वेगवान, त्या पुढे निघून जाऊ शकल्या असत्या. गेल्या नाहीत. काही प्रोत्साहनाचं बोलल्या सुद्धा नाहीत. वॉर्डातल्या एका आजींची गोष्ट सांगत राहिल्या, अर्धी सांगून थांबल्या आणि म्हणाल्या, "बाकीची वर गेल्यावर." मी ती गोष्ट ऐकायला तो चढ चढले. नंतर मी त्यांना म्हटलं, तुमचं टायमिंग गेलं माझ्यामुळे. त्या खरोखर चिडल्या. म्हणाल्या, "रात्रपाळी करून मी इथे येते ती टायमिंगसाठी येते असं वाटतं तुला?"

काकांचंही तसंच. निवृत्त झाल्यावर सहा महिने ते घरात नुसते बसून होते. चाळीसएक माणसं रोज मोजायची सवय, आणि एकदम मोजायला कोणी नाही. हे त्यांनी मला एकदा तुझ्याच शेजारून हळूहळू चालताना सांगितलं होतं, तुला आठवत असेल. आपण तिघं होतो, शेपूट त्यांच्याकडे होती.

परवा रविवारी पाऊस नव्हता, हवा चांगली होती. सव्वापाचला सगळे जमले. काकांनी मोजलं, तेरा. पुन्हा मोजलं. तेराच. मग कोणीतरी त्यांना तुझ्या मेसेजबद्दल सांगितलं, कारण ते व्हॉट्सअ‍ॅप फारसं बघत नाहीत. ते काही बोलले नाहीत. डबल बेलही म्हणाले नाहीत, आम्हीच निघालो. आणि तलावाच्या पहिल्या वळणावर मी मागे पाहिलं तर ते अजून कट्ट्याजवळच उभे होते, लोकमान्य नगरकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत.

या रविवारी शेपूट माझ्याकडे आहे. पळायची इच्छा नसेल तर पळू नकोस. चाव्या सांभाळायला कोणीच नाहीये.