विलीजला पाझर फुटतो

वडिलांची १९४८ सालची विलीज जीप इतकी वर्षे नळाच्या साध्या पाण्यावर बिनतक्रार चालत होती. जोतिबाच्या चढावर मध्येच थांबून वाफ सोडण्यापलीकडे तिने कधी काही मागितले नाही. सुधारणेची हौस मला आली. मी रेडिएटर आणि इंजिन रसायनाने आतून धुऊन काढले, काकवीच्या रंगाचे दोन बादल्या पाणी बाहेर आलेले पाहून कृतार्थ झालो आणि आत हिरवेगार कूलंट भरले. तिसऱ्या दिवशी हेडच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पाच बोल्टांच्या मुळाशी हिरवे थेंब उभे राहिले.

या जीपचे इंजिन चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे आणि साइड-व्हॉल्व्ह पद्धतीचे. व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच असल्याने वरचे हेड म्हणजे पंधरा ठिकाणी आवळलेला एक चपटा, ओतीव पाट असतो. त्यांतल्या काही बोल्टांची भोके थेट पाण्याच्या कप्प्यात उघडतात आणि इंजिन तापून दाब वाढला की पाणी आट्यांच्या गोल जिन्याने चढत वॉशरखालून बाहेर डोकावते. तापलेल्या हेडवर थेंब चर्र करून नाहीसा होतो आणि मागे पांढरट-हिरवी कड तेवढी उरते. रोज सकाळी मी चष्मा लावून त्या कडा मोजत असे. चहा त्यानंतर.

कोल्हापुरात रस्त्यावर बॉनेट उघडे ठेवणे म्हणजे सल्ल्यांचे आमंत्रण छापून वाटणे होय. पहिल्या सल्लागाराने “आवळा की अजून जरा” म्हटले, म्हणून मी पान्याला पाइप लावून बोल्ट आवळले. ओतीव लोखंडातले आटे निघून हातात आले नाहीत, ही जोतिबाची कृपा. शेजारच्या निवृत्त काकांनी रेडिएटरमध्ये चार चमचे हळद टाकण्यास सांगितले. हा उपाय ट्रकवाल्यांमध्ये जुना आहे. पंचाहत्तरी उलटलेल्या जीपला हळद लागली, दोन दिवस थेंब थांबले आणि अंगणात पिठल्याचा वास दरवळला. तिसऱ्या दिवशी थेंब परत आले, ते पिवळे होऊन. स्वयंपाकघरातला हळदीचा डबा तेव्हापासून वरच्या फळीवर असतो आणि तिथे माझा हात पोहोचत नाही.

अखेर उद्यमनगरातल्या मिस्त्रींना घरी आणले. त्यांनी बोल्टाच्या कडेवरून नख फिरवले आणि विचारले, “आतनं धुतलासा?” मी अभिमानाने हो म्हणालो. “गंज धुतला तुमी. त्योच तर पानी धरून बसला हुता.”

मग हळदीचे सारे पाणी काढून आत पुन्हा धुतले आणि काम सुरू झाले. “एका येळी एकच बोल्ट. गॅस्केटला कळू द्यायचं न्हाई,” ही मिस्त्रींची अट; गॅस्केट म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये दबलेला पातळ थर. एक बोल्ट काढायचा, त्याचे आटे तारेच्या ब्रशने घासायचे, हॅकसॉने उभी खाच पाडलेला जुना बोल्ट भोकात फिरवून आतले आटे साफ करायचे, पेट्रोलने पुसून सगळे कोरडे करायचे आणि घट्ट न होणारे सीलंट आट्यांना व वॉशरखाली लावून तो लगेच परत बसवायचा. मी हौसेने आणलेली टेफ्लॉन टेप त्यांनी न बोलता माझ्या खिशात घातली. पंधरा बोल्टांना पूर्ण दुपार गेली.

शेवटी मधल्या बोल्टापासून बाहेरच्या बाजूंकडे जात, तीन फेऱ्यांत ताण वाढवत सगळे आवळायचे होते. पुस्तकातला आकडा ६५ ते ७५ फूट-पाउंड असल्याने मी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला ताण आला की टक् आवाज करणारा पाना, मागून आणला होता, पण मिस्त्रींनी मनगटाच्या अंदाजावर आवळले आणि “आता लावा तुमचं यंत्र” म्हणाले. मी ७० वर रेंच लावला. बोल्ट केसभरही न हलता टक् आवाज आला. पुढच्या चौदाही बोल्टांवर तो तसाच आला आणि प्रत्येक वेळी मिस्त्री मोठ्या सभ्यपणाने रस्त्याकडे पाहत राहिले.

रात्रभर इंजिन रिकामे ठेवून सकाळी कूलंट भरले, इंजिन तापवून, निववून बोल्ट पुन्हा तपासले आणि वीस किलोमीटरवरच्या पन्हाळ्याचा घाट चढून आलो. चौदा बोल्ट खडखडीत कोरडे होते. पंधराव्याच्या मुळाशी एक हिरवा थेंब बसला होता. मी तो दाखवल्यावर मिस्त्री पान्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

“त्यो? त्यो गंजंल की आपोआप.”

कूलंटचा डबा माझ्या हातातच होता. त्यावरच्या ‘गंजरोधक’ या अक्षरांवर मी हळूच अंगठा ठेवला.