तक्त्याला आजी कळत नाही

रविवारी शंकरनगर चौकाजवळच्या ठेल्यावर तर्री पोहे हातात यायच्या आधीच सोन्यानं जाहीर केलं, की त्याचा नवकंकरीचा प्रोग्राम आता हरत नाही. नवकंकरी म्हणजे पटावर आपल्या तीन कंकऱ्या एका रेषेत आणून समोरच्याची एक उचलायचा जुना खेळ.

"मग काय मोठं केलं बे?" गुड्डू म्हणाला. "हा खेळ १९९३ मध्येच सुटला. झुरिकच्या राल्फ गॅसर नावाच्या संशोधकानं कॉम्प्युटरवर सोडवला. दोघंही चुकले नाही तर बरोबरी."

खरं आहे ते. २४ ठिकाणं, प्रत्येकी ९ कंकऱ्या. मांडणी संपल्यावर, आरशातल्या जुळ्या एकच धरल्या तरी, साधारण ७६७ कोटी स्थिती होतात. गॅसरनं शेवटाकडून उलटं मोजलं: आधी हरलेल्या स्थिती, मग एका चालीत तिथे नेणाऱ्या, असं मागे मागे. मांडणीच्या १८ चाली वेगळ्या तपासल्या. यात शिकणंबिकणं काही नाही, निव्वळ हिशेबाची चिकाटी. 'गो' या पटावरच्या खेळात ३६१ ठिकाणं. तिथे प्रत्येक स्थितीचा निकाल लिहिलेला असा तक्ता बनूच शकत नाही, म्हणून अल्फागो झीरो हा प्रोग्राम स्वतःशी खेळून शिकला.

"अबे, पण तक्त्याले विचारलं तर तो तीन चाली दाखवते, तिन्हीवर बरोबरी," सोन्या तावातावानं म्हणाला. "कोणती खेळू? त्याले फरकच पडत नाही. माझी आजी त्यातली नेमकी तीच खेळते, जिच्यात मी फसतो."

इथे मी सोन्याच्या बाजूनं. बरोबरीच्या चाली तक्त्याला सारख्याच, समोर बसलेल्या माणसाला मात्र अजिबात सारख्या नसतात. हे गुड्डूला कळत होतं, कबूल करवत नव्हतं.

सोन्यानं उपायही काढला होता: आपल्या ज्या चालीनंतर समोरच्याकडे बचावाच्या वाटा कमीत कमी उरतात, ती खेळायची.

"चुकतं ना बे!" गुड्डूनं चमचा रोखला. "तुझ्या दोन कंकऱ्या रेषेत आल्या, तिसरी जागा अडवायची हे शेंबडं पोरगंही जाणते. वाट एकच, पण सोपी. वाटा मोजून काय होते? माणसांचे डाव गोळा कर, कुठं चुकून राहिले ते मशीनला शिकव. उदाहरणांवरून शिकणारं न्यूरल नेटवर्क लावायचंच असेल तर इथं लाव."

मुद्दा बिनतोड होता. सोन्या थोडा वेळ नुसता पोहे खात राहिला.

"डाव आणू कुठून?"

"मी देतो की," बाजूच्या बाकावरचे काका म्हणाले. "पण आमच्या घरी तीन कंकऱ्या उरल्या तरी उडी नाही बरं. शेजारच्याच जागी सरकायचं."

सोन्यानं कपाळावर हात मारला. गॅसरच्या नियमात तीन उरल्या की कुठेही उडता येतं. अख्खा तक्ता त्याच्यावर उभा.

"काका, मग सगळं नव्यानं मोजावं लागन ना!"

"मग मोज ना बाबू. घाई कोणाले आहे?"