लिलावातल्या ट्रॅक्टरचं एस्टिमेट: गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही आमच्या गॅरेजला एक तारा देऊन रिव्ह्यूत लिहिलंय, की लिफ्ट (मागची अवजारं उचलणारी) धरत नाही एवढ्या किरकोळ कामासाठी ट्रॅक्टर आणला आणि आम्ही १ लाख १८ हजारांची यादी हातात दिली. १ लाख ६५ हजारांना लिलावात घेतलेल्या ट्रॅक्टरला एवढा खर्च सांगणं म्हणजे लूट, असं तुमचं म्हणणं. कुडाळ-कणकवलीकडे यंदा बरेच जण फायनान्स कंपनीच्या लिलावातले असे ट्रॅक्टर बघतायत, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

लिफ्टचं कव्हर तुमच्या बाबांना विचारून उचललं, ते शेजारीच उभे होते. त्याआधी खालचा प्लग सैल केला तेव्हा पहिल्यांदा नुसतं पाणी आलं, मग दुधाच्या चहासारखं ऑईल. या मॉडेलला गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग आणि लिफ्ट यांना एकच ऑईल चालतं. चिखलणीत एक्सलच्या सीलमधून पाणी शिरलं असेल, किंवा लिलावाच्या यार्डात उघड्यावर पाऊस खाताना गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून. ते तसंच साचून राहिलं. पिनियनच्या (मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगला खालच्या बाजूने गंजाचे खड्डे पडलेत, नख फिरवलं तरी लागतात. बाबांनी फिरवून बघितलंय.

"नवीन ऑईल भरून द्या" असं तुम्ही फोनवर म्हणालात. तसं दिलं असतं तर थंड असताना लिफ्ट उचलली असती, गरम झाल्यावर पुन्हा बसली असती, आणि बेअरिंग ऐन चिखलात तुटलं असतं. मग क्राऊन-पिनियन ही गिअरची जोडीही जाते. ते काम मला करायचं नव्हतं.

इंजिन एका सेल्फला चालू होतं, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. ऑईल प्रेशर चांगलं आहे, ब्रीदरला (इंजिनच्या हवा सोडायच्या नळीला) धूर नाही. म्हणूनच यादीत इंजिनचा एक रुपया नाही. लुटायचंच असतं तर सुरुवात लायनर-पिस्टनपासून केली असती.

आता हिशोब. १ लाख ६५ हजार ही फक्त बोली. कोल्हापूरहून फोंडा घाट उतरवायचं भाडं, मागचे गुळगुळीत झालेले टायर, आरसीवरचं फायनान्सचं नाव काढणं हे सगळं त्यावर. याच सालाचा चालता ट्रॅक्टर आपल्याकडे सव्वातीन लाखांच्या आसपास मागतात. सगळं एकदम केलंत तर तुम्ही तिथेच पोचता, म्हणून सगळं आत्ता करा असं मी म्हटलंच नव्हतं. बेअरिंग, सील, ब्रेक आणि लिफ्टचा पंप हे ६२ हजारांत आत्ता करावंच लागेल. क्लच आणि पुढचा एक्सल दिवाळीनंतर चालेल, फक्त तोवर चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जड ट्रॉलीला लावू नका. यादीवर तशा खुणा आहेत.

लिलाव 'जसे आहे, जेथे आहे' असतो, नंतर कोणी दाद घेत नाही. बोली लावण्याआधी गिअर ऑईलची डिपस्टिक तरी ओढून बघा, एवढं बाकीच्यांना सांगेन.

ट्रॅक्टर शेडमध्ये झाकून ठेवलाय, बेअरिंगही तिथेच आहे. दुसऱ्या मेकॅनिकला घेऊन या, आम्ही सगळं उघडून दाखवू. न्यायचा असेल तर खोलण्याचे २,५०० सोडून काही द्यायचं नाही. करायचा असेल तर या आठवड्यात सांगा. पार्ट कोल्हापूरहून येतात आणि भाताचा तरवा (रोपं) लावणीला यायच्या आत ट्रॅक्टर तुमच्या दारात हवा. फायनान्स कंपनीकडून एनओसी आणि आरसीवरचं त्यांचं नाव काढायला लागणारा, सही केलेला फॉर्म ३५ तेवढा आधी घ्या.