‘दु:ख’ आणि ‘दुःख’

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मराठी भाषा गौरव दिनाच्या आगेमागे, ई-पुस्तकांचा वाद हमखास उकरून काढला जातो. कागदाचा वास, पानांची सळसळ, उशाशी ठेवलेलं पुस्तक वगैरे. ते चालू द्या, नाकाच्या भानगडीत कोण पडणार. चीड येते ती त्या वादाच्या शेपटाला येणाऱ्या एका वाक्याची. ज्यांना छापील अक्षर दिसत नाही, ज्यांना पुस्तक हातात धरवत नाही, त्यांचं काय, असं कोणीतरी विचारतं. लगेच उत्तर येतं, “त्यांच्यासाठी ऑडिओबुकं आहेत की!” त्यावर चार अंगठे, दोन नमस्कार, आणि मंडळी परत कागदाच्या वासाकडे.

ऑडिओबुक ही छानच गोष्ट आहे, पण ते वाचन दुसऱ्याने केलेलं असतं. ‘उद्ध्वस्त’ कसं लिहितात ते ऐकून कळत नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या अंध मुलीला ११२व्या पानावरची तळटीप, सूचीतलं एखादं नाव, कोष्टकातली तिसरी ओळ हवी असते. कलाकाराच्या कमावलेल्या आवाजात ती सापडत नाही. आणि स्टुडिओत जातात ती खपणारी पुस्तकं. कूळकायद्यावरचं किंवा एखाद्या बोलीच्या व्याकरणावरचं पुस्तक तिथे कोण वाचणार? नीट बांधलेली ईपब फाइल, म्हणजे पडद्याप्रमाणे मजकूर वाहू देणारं ई-पुस्तक, असली तर तीच एक फाइल आजोबांना चष्म्याविना मोठं अक्षर देते, अंध वाचकाला स्क्रीनरीडरमधून, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या साधनातून, ऐकवते आणि ब्रेलपट्टीवर टिंबंही उठवते.

इथे जर्मनीत २८ जून २०२५पासून हा वाद कायद्यानेच बंद केला. युरोपीय संघाचा सुगम्यतेचा निर्देश २०१९चा, त्यावरून केलेला जर्मन कायदा २०२१चा. ई-पुस्तक विकायचं तर ते सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. हे सांगितलं की घरून टोला येतो, “तुमच्याकडे पैसा आहे.” पैशाचं जाऊ द्या, हीही गंमत ऐका. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांची रूपं बदलायला मोकळीक देणारा मराकेश करार २०१३चा. तो जगात सर्वांत आधी मंजूर केला तो भारताने, जून २०१४मध्ये. युरोपीय संघाला त्यासाठी २०१८ उजाडलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५२व्या कलमाखाली ही सवलत तर २०१२च्या दुरुस्तीतच आली. इथल्या सहकाऱ्यांना हे ऐकवताना छाती दोन इंच फुगते, हे कबूल.

पण त्याच सवलतीने मराठी प्रकाशकांना एक सोयीची पळवाट मिळाली: अंधांसाठी काम करणाऱ्या संस्था बघून घेतील. संस्था बघतात ते कसं, ते डोळ्यांसमोर आणा. छापील पुस्तक विकत घ्यायचं, कण्याशी कापायचं, सुटी पानं ३०० डीपीआयला स्कॅन करायची, चित्रातली अक्षरं ओळखणारं ओसीआर लावायचं. मग स्वयंसेवकाने ध की घ, भ की म, थ की य हे ओळीओळीत तपासत बसायचं, उडालेले अनुस्वार परत द्यायचे, पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव दर पानाला परिच्छेदात घुसलेलं असतं ते काढायचं. एवढं करून जो मजकूर हाती येतो, तो प्रकाशकाच्या डीटीपीवाल्याच्या संगणकावर आधीपासूनच पडलेला असतो! एकदा टाइप केलेलं, तीनदा मुद्रितं तपासलेलं पुस्तक आपण कागदावर मारतो आणि पुन्हा कागदातून खरवडून काढतो. २०१६मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयासारख्या, दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाच्या उपक्रमाला ही खरवड करावी लागते, याचा संकोच वाटायला हवा तो प्रकाशनव्यवसायाला.

“आम्ही पीडीएफ देतो” हे दुसरं ठेवणीतलं उत्तर. डेमी आकाराचं पान सहा इंची फोनवर आलं की अक्षर मुंगीएवढं होतं. चिमटीने मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, मग प्रत्येक ओळ बोटाने डावीकडे, उजवीकडे ओढायची. पंधरा ओळींत माणूस कंटाळतो आणि ‘ई-पुस्तकात मजा नाही’ म्हणतो. बरोबरच आहे. त्या पानावरचा मजकूर पडद्याप्रमाणे वाहत नाही. आणि आतला फॉन्ट जुन्या पद्धतीचा असेल तर स्क्रीनरीडरला मराठी मुळी भेटतच नाही, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला ऐकू येतो.

मराठीतली खरी अडचण पैशाआधी ही आहे, आणि इथल्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत ती सापडणार नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत. तिच्याआधीच्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट: जुन्या फॉन्टमध्ये नंतर, युनिकोडमध्ये आधी. रूपांतर करणाऱ्या साधनाला ही अदलाबदल करावी लागते, आणि जोडाक्षर आलं की ते अडखळतं. ‘स्थिती’ची ‘स्िथती’ होते. यावर उपाय सोपा आहे: रूपांतर झाल्यावर अशा वेलांट्या शोधायच्या, ज्यांच्या आधी मोकळी जागा किंवा हलन्त (पाय मोडल्याची खूण) आहे. बरोबर मजकुरात अशी एकही नसते. त्यानंतर दोन मात्रा लागोपाठ, दोन अनुस्वार लागोपाठ, ‘अ’ला सुटा काना लावून केलेला ‘आ’ शोधायचा. हे शोध एकदा लिहून ठेवले की दर पुस्तकाला पंधरा मिनिटांचं काम.

शोधाने न सापडणाऱ्या चुका जास्त लबाड असतात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर शब्द बरोबरच दिसतो, फक्त सह्याद्रीत समुद्र घुसतो. ‘आचाऱ्यांनी जेवण केलं’ आणि ‘आचार्यांनी जेवण केलं’ यांत कोणी रांधलं आणि कोण जेवलं एवढा फरक आहे. वर हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक, टिंबाचा ऱ आणि हलन्त, दोन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही एकच. शोधपेटीत ‘वाऱ्यावर’ टाकलं तर निम्मेच सापडतात. पुस्तकभर एकच प्रकार ठेवावा, मी टिंबाचा र पसंत करेन.

आणि तो विसर्ग. बहुतेक मराठी मजकुरात विसर्गाच्या जागी कोलन असतो, कारण कळफलकावर तो चटकन सापडतो. ‘दु:ख’ आणि ‘दुःख’, बघून फरक कळत नाही. स्क्रीनरीडरला कळतो. तो ‘दु’वर थांबतो, मग सुटा ‘ख’ म्हणतो, आणि विरामचिन्हं वाचायची पातळी वाढवलेली असली तर मध्ये ‘कोलन’ही म्हणतो. शोकांतिकेच्या शेवटच्या पानावर ‘दु कोलन ख’ ऐकून बघा. ‘अंत:करण’, ‘स्वत:’, ‘नि:शब्द’ सगळ्यांची तीच गत. ऱ्हस्व-दीर्घावरून फेसबुकवर मुडदे पाडणाऱ्या आपल्या शुद्धलेखनाच्या सैन्याला ही चूक दिसत नाही, कारण ती दिसतच नाही.

यानंतरचं काम कमी चमत्कारिक आहे. पहिलं, भाषेचा संकेत. फाइलच्या माहितीत आणि प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी मराठीचा ‘एमआर’ लिहिलेला हवा. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमधून ईपब काढताना परिच्छेदांची भाषा बदललेली नसेल तर तिथे ‘ईएन’ राहतो, आणि इंग्रजी आवाज देवनागरी पाहून गप्प तरी बसतो किंवा बरळतो. कोणी ‘एचआय’ लिहिलं तर हिंदी आवाज लागतो आणि ‘चमचा’मधले दोन्ही च सारखेच करतो. संकेत बरोबर असला तर चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श हेही मराठी वळणाचे येतात, म्हणजे डोळस वाचकालाही फायदा. मध्येच आलेल्या संस्कृत श्लोकाला ‘एसए’ द्यावा.

दुसरं, शीर्षकं. अक्षर ठळक करून मोठं केलं म्हणजे शीर्षक होत नाही. प्रकरणाला पहिल्या पातळीचं, उपप्रकरणाला दुसऱ्या पातळीचं शीर्षक अशी खूण लागते, तरच अंध वाचक एका कळीने पुढच्या प्रकरणावर उडी मारू शकतो. मराठी प्रकाशकांना प्रकरणाचं नाव सुलेखनात लिहून चित्र म्हणून टाकायची हौस आहे. हौस राहू द्या, पण चित्राच्या पर्यायी मजकुरात ते नाव लिहा. वेलबुट्टीच्या चित्राला मात्र पर्यायी मजकूर रिकामा ठेवायचा, नाहीतर दर पानाला ‘चित्र, चित्र’ ऐकू येतं. छापील आवृत्तीच्या पानांच्या खुणा आत ठेवा. वर्गात सर “पान ८४ काढा” म्हणाले तर अंध मुलालाही काढता यावं. तळटिपेला जाण्याचा दुवा असतो तसा परतण्याचाही हवा, नाहीतर वाचक पुस्तकाच्या शेवटी अडकून पडतो.

तिसरं, सजावट. इथे जर्मन सल्ला जसाच्या तसा उचलू नका. वाचनअक्षमता असणाऱ्यांसाठी अक्षरांमधलं अंतर वाढवा, असं रोमन लिपीपुरतं सांगतात. देवनागरीत ते वाढवलं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे पडतात आणि वाचणं दुप्पट अवघड होतं. वेबच्या सुगम्यतेच्या निकषांतही ज्या लिपीला जे लागू नाही त्यात सूट आहे. आपण शब्दांमधलं अंतर वाढवावं आणि ओळींमधलं दीडपट ते एक-पूर्णांक-सहापट ठेवावं. त्याहून कमी ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत शिरतात. दोन्ही कडा समान करायचा हट्ट सोडा. ‘विद्यापीठासमोरच्यांनासुद्धा’ असले शब्द फोनच्या अरुंद पडद्यावर आले की उरलेल्या ओळीत भगदाडं पडतात. अक्षराचा आकार पिक्सेलमध्ये बांधू नका, वाचकाला वाढवता आला पाहिजे. मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट फाइलमध्ये जोडा, मात्र जोडाक्षरं घडवणारी यंत्रणा वाचकाच्या उपकरणात नसेल तर फॉन्ट जोडूनही काही होत नाही, ही मर्यादा आहे.

शेवटी ईपबचेक आणि डेझी संघाचं ‘एस’, ही फाइल तपासणारी दोन साधनं, दोन्ही फुकट, चालवून बघायची. आणि त्यावर विसंबायचं नाही. ‘एस’ला पर्यायी मजकूर नसल्याचं कळतं, सह्याद्रीत समुद्र शिरल्याचं कळत नाही. थोरियम या ई-पुस्तक वाचायच्या अ‍ॅपमध्ये पुस्तक उघडून, एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर लावून, डोळे मिटून अर्धा तास बसणं याला पर्याय नाही. चित्रं नसलेल्या दोनशे पानी कादंबरीला, मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला की, जाणत्या माणसाचे दोन-तीन दिवस लागतात.

ई-पुस्तकाच्या फाइलची चोरी होईल ही प्रकाशकांची भीती खरी आहे. पण फाइलला डिजिटल कुलूप लावून स्क्रीनरीडर बंद पाडणं हा त्यावरचा इलाज नव्हे. इथे बरेच प्रकाशक फाइलमध्ये खरेदीदाराची अदृश्य खूण ठेवतात आणि मोकळे होतात. मराठी पुस्तकांच्या ज्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात त्यांतल्या पुष्कळशा तर छापील पुस्तकाच्याच स्कॅन असतात. कुलपाचा त्रास झाला तो विकत घेणाऱ्याला.

आता थोडं इथल्याबद्दल, कारण वर सगळं गोडगोड आलं. हा कायदा दहापेक्षा कमी माणसांच्या आणि २० लाख युरोंपर्यंत उलाढाल असलेल्या संस्थांना सूट देतो. हा निकष लावला तर मराठीतले बहुतेक प्रकाशक सुटतीलच. आणि जर्मन प्रकाशकही भूतदयेने जागे झाले नाहीत. दंडाचा आकडा एक लाख युरोंपर्यंत जातो हे कळल्यावर जुन्या याद्यांमधल्या फायली उघडल्या. लाइपझिगचं अंधांचं ग्रंथालय १८९४पासून आहे, तरी ही पाळी आली. म्हणजे ‘तिकडचे लोक संवेदनशील’ वगैरे काही नाही.

आणि आमचं काय? आम्ही इथून शहाणपण शिकवतो, पण इथल्या मराठी घरांत मुलांना मराठी कळतं, बोलता येतं, वाचता येत नाही. रविवारची मराठी शाळा बाराखडीपर्यंत जाते, पुढे फुटबॉल आणि व्हायोलिन असतं. अक्षर दिसतं पण वाचता येत नाही, म्हणजे आमची मुलं त्या अंध मुलीच्याच रांगेत उभी आहेत. फरक एवढाच की तिला पुस्तक हवं आहे. गोष्ट मागितली की आम्ही त्यांच्या हातात हेडफोन देतो आणि म्हणतो, ऑडिओबुक आहे की.

त्यांना उपयोगी पडेल असं रूप ईपबमध्ये २०११पासून आहे. प्रत्येक वाक्याला एक खूण द्यायची आणि ध्वनिफितीतली त्याची सुरुवात नि शेवट एका जोडफाइलमध्ये नोंदवायचा; मग आवाज पुढे सरकतो तसं पडद्यावरचं वाक्य रंगतं, आणि कान डोळ्याला वाचायला शिकवतो. दहा मिनिटांच्या बालकथेत शंभर-सव्वाशे वाक्यं असतात, एका संध्याकाळचं काम. अशी एखादी मराठी फाइल आहे का, म्हणून विचारायला गेलं की उत्तर येतं: पीडीएफ आहे, पाठवू?